गल्लीची उंची

१२ जानेवारी

गल्ली बचाव समितीचा अध्यक्ष झालो. म्हणजे कुणीच हात वर करेना, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या माझाच हात धरून वर केला आणि "अभिनंदन!" म्हणाले. बैठक त्यांच्याच दवाखान्यात होती, पेशंटच्या बाकांवर. त्यामुळे सगळेच जरा घाबरल्यासारखे बसले होते.

विषय असा. मोठ्या हॉस्पिटलची नवी इमारत झाली, शेजारी ऑफिसांचा काचेचा टॉवर उभा राहिला, आणि आता महापालिकेला वाटतंय की तिथे कामाला येणाऱ्यांना जवळपास राहता यावं. आमच्या भागात आजवरचा नियम साधा आहे. एका प्लॉटवर एक घर, एका घरात एक कुटुंब, वर फार तर एक मजला. तो काढून चार मजले आणि दर मजल्यावर वेगळं बिऱ्हाड, असं घाटतंय. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे.

डॉक्टर म्हणाले, "माझ्या गुलाबांना ऊन मिळायचं नाही." कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "परकी माणसं येतील." मी म्हणालो, गल्लीचा स्वभाव बदलेल. हे वाक्य सगळ्यांना आवडलं. पुन्हा म्हणून दाखवावं लागलं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "गल्लीला स्वभाव असतो का हो? मला वाटायचं, फक्त खड्डे असतात."

अध्यक्षाने टिपणं ठेवायला हवीत, म्हणून हे लिहायला घेतलं.

१५ जानेवारी

छकुली येऊन गेली. आमची लेक. पोरीची आई झाली तरी आम्ही तिला छकुलीच म्हणतो. ती चिडते, पण ओ देते. मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. ते आमच्या घरापासून चालत जाण्याएवढं. राहते मात्र बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पलीकडे, कारण तिला आणि जावईबापूंना परवडणारं भाडं तिथेच सुरू होतं.

काम संपलं की चहाला डोकावते. आज चहा होईपर्यंत खुर्चीतच झोपली, पायात बूट तसेच. हिने अंगावर शाल टाकली. मी समितीच्या बातम्या सांगणार होतो, राहून गेलं.

उठल्यावर म्हणाली, "बाबा, पहाटेच्या बसला आता उभं राहायलाही जागा नसते."

मी आठवण करून दिली की ती बस माझीच. बस कंपनीच्या वेळापत्रक खात्यातलं माझं शेवटचं काम. तिकडची वस्ती वाढत होती, लोकांची मागणी होती, मी प्रकरण लावून धरलं.

"माहितीये बाबा," ती म्हणाली. "रोज पहाटे थांब्यावर तुमची आठवण काढतो आम्ही सगळे."

ऐकून बरं वाटलं. निवृत्त माणसाची एवढी आठवण कोण ठेवतं!

२३ जानेवारी

समितीची दुसरी बैठक. डॉक्टर आपल्याच दवाखान्यात उशिरा आले, कारण त्यांची असिस्टंट सोडून गेली. वर्षभरातली तिसरी. "लांबून येते, दमते म्हणे. लोकांना कामच नको झालंय," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

काकूंनी परक्या माणसांचा मुद्दा पुन्हा काढला. काकूंच्या मागच्या खोल्यांत हॉस्पिटलातल्या चार नर्सेस भाड्याने राहतात. नियमात हे बसत नाही. कुणी विचारलं तर काकू सांगतात, भाच्या आहेत.

डॉक्टर म्हणाले, "काकू, तुमच्या बहिणींच्या सगळ्या मुली नर्सच कशा झाल्या हो?"

"घराण्यातच सेवाभाव आहे," काकू म्हणाल्या. "तुमच्या घराण्यात दात उपटायची आवड आहे, तसं."

रात्री जेवताना हिला हा किस्सा सांगितला. ही हसली, पण पुढे म्हणाली, "चार मजले झाले तर भाच्यांना दुसऱ्या मावश्या मिळतील आणि भाडं उतरेल, हे खरं त्यांचं दुखणं." हिला चळवळीतलं काही कळत नाही.

आजची मोठी गोष्ट म्हणजे मला सुचलेली कल्पना. कागदावर उंची कुणाला समजत नाही. तेव्हा माझं घर गल्लीच्या मधोमध आहे, तिथे अंगणात चार मजल्यांच्या बरोब्बर उंचीचा बांबू उभा करायचा, टोकाला लाल फडका. नगररचना खात्याची माणसं पाहणीला येतील, मान वर करतील आणि समजतील. टाळ्या पडल्या.

२ फेब्रुवारी

बांबू उभा केला. परांची बांधणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने दोन बांबू एकमेकांना जोडले, मी स्वतः टेप लावून माप घेतलं, फडका गाठ मारून पक्का केला. सगळी गल्ली रस्त्यावर. पाहणीला नगररचनेची एक तरुण अधिकारी बाई आली होती, डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली.

बांबू वर जायला लागला. वर गेला, वर गेला, आणि फडका दिसेनासा झाला.

काकू म्हणाल्या, "फडका कुठाय?"

परांचीवाला म्हणाला, "झाडात."

आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात शिरीष आहे. त्याच्या सावलीत इतकी वर्षं काढली, पण तो चार मजल्यांहून उंच आहे हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. पलीकडच्या घरातले गृहस्थ बराच वेळ वर बघत राहिले, मग "एवढंच होय?" म्हणून आत गेले. अधिकारी बाईंनी हसू दाबलं, तेही नीट दाबलं गेलं नाही.

डॉक्टर माझ्या कानाशी आले. "अजून एक बांबू जोडा."

"मग ते चार मजले राहणार नाहीत."

"अहो, वरची पाण्याची टाकी धरा. टाकीवर बसलेला कावळा धरा!"

परांचीवाला दोरी घेऊन तयारच होता. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण नाही म्हणालो. जन्मभर बसच्या वेळा लावल्या, सुटणार नाही ती बस फळ्यावर कधी लिहिली नाही. डॉक्टर फुरंगटून गुलाबांना पाणी घालायला निघून गेले.

बांबू तसाच ठेवला आहे. कल्पना फसली का, नक्की कळत नाही.

३ फेब्रुवारी

छकुली आली ती अंगणातच थांबली. बांबूला हात लावून वर बघत होती. मी चप्पल घालून बाहेर गेलो.

"तिसरा मजला कुठे येईल हो, बाबा?"

मी काठीने दाखवलं. तिने नीट पाहिलं. "मग तिथल्या खिडकीतून हॉस्पिटल दिसेल?"

"नुसतं दिसेल? ड्यूटी बदलताना कोण आलं, कोण गेलं, तेसुद्धा दिसेल. म्हणून तर म्हणतो, आपला एकांतच जाईल."

"हं," म्हणाली. मग आणखी काही विचारलं. सकाळचं ऊन कुठून येईल, जिना आतून की बाहेरून. मी सगळं समजावून दिलं. ती इतक्या बारकाईने आमच्या कामात लक्ष घालते आहे हे पाहून उमेद आली. हिला सांगितलं, तर ही एकदम उठून स्वयंपाकघरात गेली. हिचं हल्ली असं काहीतरी होतं.

१० फेब्रुवारी

छकुलीने आज विचारलं, "बाबा, लहान शहरांत बस वेळेवर असतात का हो?"

माझ्या आवडीचा विषय. मी सांगितलं की लहान शहरात मुळात बसची गरज कमी पडते, माणूस कामाच्या जवळच राहतो. बहुतेकांना चालत जाता येतं. उलट मोठ्या शहरात जेवढं काम वाढतं तेवढा शेवटचा थांबा पुढे सरकतो. मी नोकरीला लागलो तेव्हा तो रेल्वे फाटकापाशी होता. मग दुधाच्या डेअरीपाशी गेला, मग विटांच्या भट्ट्यांपाशी. आता तिच्या घराच्या अलीकडे आहे.

"मग लहान शहरच बरं म्हणायचं," ती म्हणाली.

"राहायला बरंच. पण करमणार कसं?"

तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

१६ फेब्रुवारी

रविवार. जावईबापू ठमीला, म्हणजे आमच्या नातीला, घेऊन आले. हे लिफ्टचे मेकॅनिक, त्या काचेच्या टॉवरमध्ये असतात. मी नेहमी म्हणतो, आमच्या गल्लीत तुम्हाला काम नाही, इथे कुणी कधी अडकतच नाही. ते दरवेळी हसतात. भला माणूस.

आज न सांगता त्यांनी पाना-पक्कड काढली. मोरीचा गळका नळ, गच्चीच्या दाराची कडी, हिच्या मिक्सरची वायर, माझ्या टेबलाचा हलणारा पाय. एकामागून एक. म्हटलं, "अहो, एवढी काय घाई? पुढच्या रविवारी करा की थोडं."

"झालं तेवढं बरं, बाबा," ते म्हणाले, आणि दारांना तेल घालायला लागले.

१८ फेब्रुवारी

हिने सांगितलं. मी सुनावणीचं भाषण हिला वाचून दाखवत होतो. "आमच्या दारात येऊ पाहणारी ही बाहेरची गर्दी" इथपर्यंत आलो आणि हिने हातातली सुई खाली ठेवली.

"तुम्ही ज्यांना अडवताय ती गर्दी कोण आहे, ठाऊक आहे का? तिच्यातली एक रोज आपल्याकडे चहा घेते."

मग कळलं. जावईबापूंना दूरच्या एका लहान शहरात काम मिळालंय. छकुलीलाही तिथल्या दवाखान्यात जागा आहे. इथून रात्रभराचा प्रवास. मार्चअखेरीला जाणार. पोरीला जागेपणी फक्त सुट्टीच्या दिवशी भेटायचं, असं किती दिवस चालवणार, असं तिचं म्हणणं. हिला महिनाभर माहीत होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली होती. बाबांची सुनावणी होऊन जाऊ दे म्हणाली."

मी म्हणालो, मी तिला कुठे अडवलं? तिने इथे येऊन राहावं, घर तिचंच आहे. हिने भाषणाचे कागद घडी करून माझ्या हातात दिले.

१९ फेब्रुवारी

छकुलीबरोबर तिच्या बसने तिच्या घरापर्यंत गेलो. या मार्गाचं वेळापत्रक मला झोपेतही म्हणता येईल, पण गर्दीच्या वेळी या बसमध्ये मी कधी चढलोच नव्हतो. एका बाईने मला जागा दिली आणि छकुली माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. कंडक्टर, भाजीवाली, काचेच्या टॉवरचे रखवालदार, सगळे तिला ओळखतात. तिने "हे माझे बाबा, पहाटेची बस यांनीच सुरू केली," असं सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, बसऐवजी घरं सुरू करता येतात का पाहायचं होतंत." सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा.

उतरल्यावर चालता चालता विचारलं, "आमच्याकडे का नाही राहत?"

"राहिलो होतो की महिनाभर. दोन खोल्यांत पाच जण. तो गच्चीवर झोपायचा. आणि आई आणि मी एका ओट्यावर? आई अजून त्या मसाल्याच्या डब्यांबद्दल बोलते."

हे खरं आहे. कालच बोलली.

"मग वर बांधलं असतं."

"महापालिकेत विचारून आलो होतो, बाबा. वर खोल्या चालतील म्हणाले, वेगळं स्वयंपाकघर चालणार नाही. दुसरा ओटा म्हणजे दुसरं कुटुंब, आणि एका प्लॉटवर दुसरं कुटुंब नियमात नाही."

मी रस्त्यातच थांबलो. हा नियम मी गेला महिनाभर जिवापाड सांभाळतोय.

"आणि हे तू मला अंगणात, बांबूपाशीही बोलली नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत होतात, बाबा," ती म्हणाली. "निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा."

२४ फेब्रुवारी

डॉक्टरांना जाऊन सांगितलं, अध्यक्षपद सोडतो, आणि सुनावणीत उलट बाजूने बोलणार आहे. ते एका पेशंटच्या तोंडात डोकावत होते. तसेच वळले.

"लेकीसाठी?"

"लेकीसाठी."

"निदान नियमासाठी, शहरासाठी वगैरे म्हणायचं होतंत! मला भांडता तरी आलं असतं." मग हातमोजे काढत म्हणाले, "बोला, पण माझ्या गुलाबांबद्दल वाईट बोलायचं नाही." पेशंटने तोंड उघडं ठेवूनच मान हलवली. त्याचं मत कोणत्या बाजूने होतं, कळलं नाही.

२६ फेब्रुवारी

सुनावणी झाली. हॉलमध्ये पंखे भरपूर, हवा कमी. काकू मागे बसलेल्या भाच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात बोलल्या, त्यामुळे कुणालाच ऐकू गेलं नाही.

माझी पाळी आली. लिहिलेलं भाषण नव्हतं. म्हणालो, मी बसच्या वेळा लावायचो. मी लागलो तेव्हा पहिली बस उजाडल्यावर सुटायची. मग लोक अर्ज करायचे, आणि मी ती अलीकडे आणायचो. असं करत करत ती काळोखात गेली. मला वाटायचं, सेवा वाढली. आता वाटतं, इथे कामं वाढत गेली, कामाला माणसं आली, आणि घरं आम्ही होती तेवढीच ठेवली. मग त्याच घरांसाठी सगळ्यांची रस्सीखेच. ज्याचा हात सुटला तो पुढच्या थांब्यावर जाऊन राहिला, आणि मी त्याच्यासाठी आणखी लवकरची बस सोडली. माझी मुलगी त्या बसने येते. आता तीही येणार नाही.

एवढंच सुचलं. खाली बसलो.

डॉक्टर उठले. "यांचं दुःख खरं आहे. पण नवे फ्लॅट काय स्वस्त असणार आहेत? टॉवरमधले साहेब घेतील. यांच्या मुलीला काय मिळणार?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर दिलं रुमालवाल्या अधिकारी बाईंनी. म्हणाल्या, "नवं घर पहिल्या दिवशी महागच असतं, काका. पण तुमचे ते साहेब आज कुठेतरी राहतातच ना? ते नव्यात गेले की त्यांचं जुनं सुटतं. नवं बांधलंच नाही, तर साहेब जुन्यावरच जास्त बोली लावतात, आणि तिथला माणूस बाहेर पडतो. याला वेळ लागतो, हे मात्र खरं. दोन-चार वर्षं तरी."

दोन-चार वर्षं. ठमीला तोवर आमचे चेहरे फोनवरचेच माहीत होतील.

बाहेर पडताना डॉक्टर मागून आले. रिक्षा एकच केली आणि मला आधी सोडलं.

३० मार्च

गेले. ठमीने खिडकीतून शेवटपर्यंत हात हलवला, छकुलीने एकदाही मागे पाहिलं नाही. ही म्हणाली, "मान वळवली असती तर उतरली असती."

घरात एकही दार करकरत नाही. जावईबापूंनी तेल फार चांगलं घातलंय.

८ जुलै

नियम बदलला. मोठ्या रस्त्यावर चार मजले, गल्ल्यांत तीन, आणि वेगळी बिऱ्हाडं दोन्हीकडे चालतील. काकूंनी सगळ्यात आधी अर्ज केला. भाच्यांसाठी वर मजला बांधायचाय म्हणे, स्वतंत्र दारासह. ही म्हणाली, "सेवाभाव वाढला."

छकुलीला फोन केला. तिला आनंद झाला, पण लगेच म्हणाली, "बघू, बाबा. ठमीची शाळा इथे लागलीय. याचंही काम बरं चाललंय." बघू म्हणजे काय, ते मला कळतं. आमच्या खात्यात अर्जांवर मीच ते लिहायचो.

हिच्याशी बोलून ठरवलं, तरीही बांधायचं. ती नाही आली तर हॉस्पिटलातल्या कुणाला तरी देऊ. भाची म्हणायचं नाही, भाडेकरू म्हणायचं.

२१ नोव्हेंबर

गवंडी येऊन गेला. पाया खणून पाहिला. म्हणतो, एक मजला आरामात पेलेल, त्याच्यावरचं नाव काढू नका. म्हणजे भर सभेत चार मजल्यांची बाजू घेतली, आणि माझंच घर दोनाच्या वर जायचं नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते इतके हसले की खुर्चीतला पेशंट आ वासून वाट बघत राहिला.

मग गच्चीवर खडूने खोल्या आखायला घेतल्या. इथे दार, इथे जिना, इथे न्हाणीघर. गवंडी म्हणाला, "ओटा कुठल्या भिंतीला?"

मला सुचेना. हिला विचारलं. ही म्हणाली, "मला नका विचारू. तो माझा नाही."

छकुलीला फोन लावला. ड्यूटीवर होती.

"छकुले, ओटा कुठल्या भिंतीला घ्यायचा?"

"कसला ओटा?"

"वरच्या घरातला. गवंडी थांबलाय."

पलीकडून काहीच ऐकू येईना. वाटलं, फोन कट झाला. "हॅलो, हॅलो" केलं.

"खिडकीच्या भिंतीला घ्या. आणि सिंक उजवीकडे, बाबा. सगळे गवंडी डावीकडे घेतात. मी डावखुरी आहे, त्याला बजावून सांगा."

मी सांगितलं. गवंड्याने रेघ पुसून पुन्हा ओढली.

"आणि थांबा," ती म्हणाली, "याला जेवायची सुट्टी झाली असेल. न्हाणीघराचं याला विचारते. फोन ठेवू नका."

ही जिन्यातून वर येत होती, तिला मी हाताने खूण केली. गवंडी खडू धरून उकिडवा बसला होता, तो तसाच बसून राहिला. मी फोन कानाशी धरून आखलेल्या दारात उभा राहिलो.